भावाची नजर कमी होत चाललीय आणि ऑफिसवाले राजीनामा मागतायत, काय करावं?

साळुंकी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहायला पहिल्यांदाच बसलेय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २९, बी.कॉम. मूळ आम्ही बार्शीचे, तो सहा वर्षं पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे (नाव घेत नाही, दोनशेच्या आसपास माणसं आहेत तिथं). लहानपणापासून त्याला अंधारात कमी दिसायचं, घरात सगळे रातांधळेपणा म्हणून सोडून द्यायचे, आजी गाजरं खायला घालायची. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलं. म्हणजे समोरचं दिसतं पण बाजूचं मिटत जातं, पुंगळीतून बघितल्यासारखं.

दिवाळीत घरी आला तेव्हा बिलांचा गठ्ठा घेऊन बसला होता. बिलावरच्या ओळीखाली डावा अंगठा धरायचा, आकडा वाचायचा, मग लॅपटॉपवर तीच ओळ शोधायची, तेवढ्यात अंगठा सरकलेला, की परत पहिल्यापासून. आईनं शेजारी चहा ठेवला तो हात लागून सांडला तर हा आईवरच खेकसला की ठेवताना आवाज का नाही दिलास. तो असा बोलणारा पोरगा नाही हो.

आता ऑफिसात दोन एन्ट्र्या चुकल्या म्हणून एचआरनं बोलावून सांगितलं की तब्येतीच्या कारणानं राजीनामा दे, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देऊ, तीन महिन्यांचा पगार पण देऊ, पंधरा दिवसांत कळव. त्याच्याकडे अपंगत्वाचं सर्टिफिकेट नाही कारण आईचं म्हणणं एकदा काढलं की शिक्का बसला, मग स्थळं कशी येणार. तो सही करून मोकळा व्हायच्या मूडमध्ये आहे. मला काही सुचत नाहीये. कुणी या वाटेनं गेलंय का?

फाईलवाला:
राजीनामा अजिबात नाही! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम २०. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनती पण नाही. काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. आमच्या खात्यात एका ड्रायव्हरचा पाय गेला, आज तो आवक-जावक बघतो, पगार तोच. बिनधास्त कलम तोंडावर मारा त्यांच्या.

कोर्टकचेरी:
फाईलवाला, थांबा. कलम २० सुरू होतं तेच सरकारी आस्थापना म्हणून. खासगी कंपनीच्या तोंडावर ते मारलं तर त्यांचा वकील हसेल आणि पोरगा उघडा पडेल. दर महिन्याला कुणीतरी हा गैरसमज घेऊन माझ्याकडे येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खासगीला लागू होतं ते कलम ३, म्हणजे अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव नको, आणि कलम २१, म्हणजे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं. २० किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात काय सोयी देणार, कुठली पदं योग्य, संपर्क अधिकारी कोण हे सगळं लिहावं लागतं, वेबसाइटवर किंवा ऑफिसात लावावं लागतं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे द्यावी लागते. दोनशे माणसांच्या कंपनीकडे हे नसेल तर चूक त्यांची आहे. दंड पहिल्या खेपेला दहा हजारापर्यंतच आहे, पुढच्या खेपेला पन्नास हजार ते पाच लाख, त्यामुळे दंडाला कुणी घाबरत नाही, पण आयुक्तांकडून पत्र येणं कुठल्याच एचआरला आवडत नाही.

आता करायचं काय, तर तोंडी काही बोलायचं नाही. एक ईमेल. अमुक तारखेला तुम्ही मला राजीनाम्याबद्दल बोललात, मला काम करायचं आहे, मला या या सोयी हव्या आहेत (कागदाऐवजी बिलांची सॉफ्ट कॉपी, मोठा मॉनिटर, स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, उजेड असताना घरी निघता येईल अशी वेळ), आणि कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत द्या. बस. भाषा साधी, धमकी नको. एकदा स्वतःच्या सहीनं राजीनामा दिला की नंतर मला काढलं हे सिद्ध करायला आयुष्य जातं, आणि पंधरा दिवस हा कायद्यातला आकडा नाही, एचआरच्या डोक्यातला आहे.

नाहीच ऐकलं तर दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यातच बसतात, साध्या कागदावर तक्रार चालते, समन्स काढायला त्यांना दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अपंग व्यक्तीला तिथं उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो हे लोकांना माहीतच नसतं. पण या सगळ्याला आधी सर्टिफिकेट लागेल.

फाईलवाला:
बरोबर आहे साहेब, सरकारी चष्म्यातून बघितलं मी. शब्द मागे.

खडूफळा:
साळुंकीताई, मी झेडपीचा मास्तर, दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर. सर्टिफिकेटबद्दल माझ्याकडून ऐका.

यूडीआयडीच्या (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. मग जिल्ह्याच्या रुग्णालयात बोर्ड बसतो त्या ठरलेल्या वारी जायचं. नोकरीतल्या आरक्षणासाठी निदान ४० टक्के लागतात. कार्ड पिवळं आलं तर ४० ते ८०, निळं आलं तर ८० आणि वर.

आणि हे नीट वाचा, कारण यातच पोरं मागे येतात. भावाला समोरचं दिसतं म्हणताय, म्हणजे भिंतीवरचा तक्ता तो बऱ्यापैकी वाचून दाखवेल आणि बोर्डावरचा घाईतला डॉक्टर म्हणेल याला तर दिसतंय. कायद्यात नजरेच्या कक्षेचा पण हिशोब आहे, ४० अंशाच्या आत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशाच्या आत असेल तर अंधत्वच, मग तक्ता कितीही वाचू दे. म्हणून फील्ड टेस्टचा, पेरिमेट्री म्हणतात ती, ताजा रिपोर्ट हातात घेऊनच जायचं. माझ्या एका विद्यार्थ्याला या एका कागदासाठी तीन हेलपाटे पडले. बोर्डाच्या दिवशी डबा न्या, पाण्याची बाटली न्या, आणि बसायला काहीतरी न्या. अपंगांच्या बोर्डाबाहेर खुर्च्या नसणं हा काय विनोद आहे मला कळलेला नाही.

आईंना सांगा शिक्का बसत नाही, एसटीत ७५ टक्के सवलत बसते. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, बायको रोज दोनदा तरी म्हणते की पायाचं काही नाही हो तुमच्या, तोंडाचं बघा.

इन्सर्ट_डाऊन_ॲरो:
धागा आज वाचला, म्हणजे ऐकला. मी एका सरकारी बँकेत ऑफिसर आहे, पूर्ण अंध, मलाही आरपीच, म्हणजे तेच रेटिनायटिस पिगमेंटोसा. तुमच्या भावाच्या जागी मी २६ व्या वर्षी होतो आणि मी सही करून मोकळा झालो होतो. पुढची अडीच वर्षं डोंबिवलीत घरी बसून पंखा ऐकला. म्हणून हक्कानं लिहितोय.

त्याला सांगा, अंगठा ओळीखाली धरणं आजपासून बंद. आपण सगळे हेच करतो, उरलेली नजर शेवटच्या थेंबापर्यंत पिळत बसतो आणि दुसरी पद्धत शिकायची वेळ निघून जाते. दिसतंय तोवर शिकलं की निम्म्या कष्टात होतं, कारण स्क्रीनवर काय कुठं असतं त्याचं चित्र डोक्यात असतं.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, फुकट आहे, विंडोजवर पाच मिनिटांत बसतो. जॉज नावाचा दुसरा आहे, तो महाग, त्याच्या मागे आत्ता लागू नका. पहिले चार दिवस रडू येईल. एक बाई डब्यात तोंड घालून बोलतेय असा आवाज असतो. मग कान सरावतो. मी आता ज्या स्पीडला ऐकतो तो माझ्या बायकोला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाटतो. एक्सेलमध्ये तो बाण दाबला की सेल बोलतो, बी चौदा, आकडा, सी चौदा, आकडा. दोन याद्या जुळवायच्या तर डोळ्यांनी ओळ शोधायचीच नसते, फॉर्म्युला लावायचा आणि जिथं फरक तेवढेच ऐकायचे. मी खात्रीनं सांगतो, सहा महिन्यांत तो डोळ्यांनी करत होता त्यापेक्षा कमी चुका करेल. टॅलीचं मात्र लावूनच बघावं लागेल, माझ्या वेळच्या टॅलीत एनव्हीडीए मुका व्हायचा, मी सगळं एक्सेलला काढून घ्यायचो.

खरा छळ मराठीत आहे. आपल्याकडे अजून लोक कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. डोळ्याला ते महाराष्ट्र दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर वाचतो ई जी के जे के. एकदा अपंगांच्या योजनेचंच एक परिपत्रक मला या भाषेत ऐकायला मिळालं, त्या दिवशी मी ऑफिसात एकटाच हसत होतो. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफ तर त्याच्या लेखी कोरा कागद. युनिकोडमध्ये टाइप करा रे बाबांनो, एवढीच भिकेची विनंती.

पुढचा दरवाजा पण उघडा ठेवा. सरकारी भरतीत ४ टक्के जागा आहेत, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टींचा. आयबीपीएसच्या बँक भरतीत क्लार्कला २८ ची मर्यादा आहे पण दिव्यांगांना दहा वर्षं वाढवून मिळतात. राज्य सरकारच्या भरतीत ४५ पर्यंत. लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. एकोणतीस म्हणजे काहीच नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील माहीत असतील, युपीएससी पास होऊनही दिसत नाही म्हणून रेल्वेच्या अकाउंट्स सर्व्हिसनं घेतलं नाही, २०१६ च्या परीक्षेला परत बसल्या, १२४ वा नंबर काढून आयएएस झाल्या.

(माझं नाव काय म्हणून विचारतात सगळे. एनव्हीडीएत इन्सर्ट आणि डाऊन ॲरो दाबलं की तो सलग वाचत सुटतो. दिवसातून शंभरदा दाबतो.)

मॅडम_एचआर:
टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं लिहिते, शिव्या घाला पण वाचा.

एक, तीन महिन्यांचा पगार देतो म्हणालेत ना, तर ग्रॅच्युइटी धरून की सोडून हे विचारा. सहा वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी त्याच्या हक्काची आहे. शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, करून बघा, साडेतीन महिन्यांच्या बेसिकच्या जवळ जातं. मला दाट शंका आहे की त्याचेच पैसे त्याला बक्षीस म्हणून दाखवतायत.

दोन, एचआरला बऱ्याचदा दुष्टपणा करायचा नसतो, तिला मॅनेजरची कटकट संपवायची असते. तिच्यापुढे प्रॉब्लेम घेऊन गेलं की ती राजीनामा सुचवते, उपाय घेऊन गेलं की ती तो पुढे ढकलते. भावानं स्वतः एक कागद करावा, आत्ता मी हे काम असं करतो, यात चूक होते, असं केलं तर होणार नाही, खर्च शून्य. एनव्हीडीए फुकट असणं हा इथं मोठा मुद्दा आहे. आयटीवाल्यांकडून इन्स्टॉल करायची परवानगी मात्र आधी काढा, तिथं महिना जातो.

तीन, सर्टिफिकेट आलं की पगारपत्रकात पण फरक पडतो. प्रोफेशन टॅक्स माफ, वर्षाचे २,५०० वाचतात, कंपनीला कॉपी द्यायची. जुन्या टॅक्स पद्धतीत अपंगत्वासाठी ७५ हजाराची वजावट, ८० टक्क्यांच्या वर असेल तर सव्वा लाख. नवीन पद्धतीत ते नाही, पण अंध कर्मचाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंतचा ट्रान्सपोर्ट अलाउन्स करमुक्त असतो तो तिथंही चालतो.

आणि नवीन नोकरी शोधायची वेळ आलीच तर इंटरव्ह्यूत आधीच सांगायचं का यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचंच एकमत नाही. मी म्हणते बोलावणं आलं की लगेच सांगा, नाहीतर तिथं टेस्टला पेन-कागद देतात आणि पोरगा घामेजतो.

इन्सर्ट_डाऊन_ॲरो:
मॅडम, सांगितलं की बोलावणंच रद्द होतं, माझं चारदा झालंय. मी तुमच्या मिस्टरांच्या पार्टीत. ऑफर हातात आल्यावर सांगावं.

मॅडम_एचआर:
ते ऐकून खुश होतील, घरात त्यांच्या पार्टीत कुणी नसतं.

रोखठोक७:
सगळं कागदावर छान आहे हो. २०२४ मध्ये बोगस सर्टिफिकेटचं एवढं प्रकरण गाजलं, त्यावर कोणी बोलत नाही. खरी माणसं बाहेर आणि ओळखीवाले आत, हेच चालतं इथं. आरक्षणानं काही होत नाही, स्वतःचा धंदा टाका.

खडूफळा:
बोगसवाल्यांचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो माहितीय का, आम्हाला. ते प्रकरण झालं आणि पडताळणीच्या नावाखाली मला परत बोर्डापुढे उभं केलं. जणू पोलिओ मध्येच बरा होतो! गेलो, कॅलिपर काढून दाखवला, आलो. राग तुमचा बरोबर आहे पण तो या पोराच्या धाग्यावर काढू नका.

काजूगर:
धंद्याचा विषय निघालाच आहे तर कोकणातून लिहितो. नसीमादीदी हुरजूक यांचं नाव ऐकलं असेल, कोल्हापूरचं हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड १९८४ पासूनचं. त्यांचा आमच्या सिंधुदुर्गात स्वप्ननगरी म्हणून प्रकल्प आहे, तिथं काजूचा कारखाना आहे. व्हीलचेअरवरची माणसं काजूगर सोलतात, निवडतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हाती मजुरी आली की घरातली बोलण्याची पट्टी कशी बदलते ते मी शेजारच्या घरात बघितलंय.

पण धंदा टाका म्हणणं सोपं आहे. माझ्या चुलतभावानं (एक हात नाही) समाजकल्याणकडून बीजभांडवलाचं प्रकरण केलं, २० टक्के अनुदान आणि ८० टक्के बँकेचं कर्ज. अनुदानवाले म्हणाले आधी बँकेचं पत्र आण, बँकवाले म्हणाले आधी अनुदानाचं पत्र आण. आठ महिने दोन टेबलांमध्ये टेनिसचा बॉल झाला तो. शेवटी ग्रामपंचायतीनं स्वनिधीतले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात त्यातून त्याला पिठाच्या गिरणीला मदत झाली, ते पण ग्रामसभेत उभं राहून विचारलं तेव्हा.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही ती म्हणजे निराधारचा पगार. संजय गांधी योजनेचे आता महिन्याला अडीच हजार मिळतात, पण घरचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजाराच्या आत असेल तरच. म्हणजे कुणी महिना आठ हजाराची नोकरी देतो म्हटलं तर आई-बाप हिशोब करतात की नोकरी चार महिन्यात गेली तर पगार पण गेला, परत चालू करायला तहसीलच्या फेऱ्या. म्हणून पोरं घरात बसतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी तहसीलच्या त्या खिडकीपुढे एकदा उभं राहून यावं.

कावेरी_म:
विषय थोडा वेगळा पण माझा मुलगा कर्णबधिर आहे, डिप्लोमा केलाय. इंटरव्ह्यू सगळे फोनवर! मी त्याच्या वतीनं बोलले तर म्हणतात कॅन्डिडेटला द्या. काय देऊ, कपाळ? मुंबईत सायनला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं करिअर सेंटर आहे (पूर्वी व्हीआरसी म्हणायचे) तिथं नाव घातलंय, बाकी कुणाला कर्णबधिर मुलांना घेणाऱ्या जागा माहीत आहेत का? मिरॅकल कुरिअर्स माहीत आहे, तिथली मुलं बघितलीत.

मॅडम_एचआर:
कावेरीताई, लेमन ट्री हॉटेलवाले बऱ्याच वर्षांपासून घेतात. आणि अर्जातच वर लिहा की इंटरव्ह्यू लेखी चॅटवर किंवा सांकेतिक भाषेच्या दुभाषासोबत घ्यावा. फोन नंबरच्या जागी ईमेल. वेगळा धागा काढा ना, इथं हरवेल तुमचा प्रश्न.

साळुंकी:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे प्रतिसाद भावाला फोनवर वाचून दाखवले, दोन रात्री लागल्या.

ईमेल केला, कोर्टकचेरी यांनी सांगितला तसाच. तीन दिवस काही नाही, मग एचआरचा फोन आला की अहो गैरसमज झाला. मॅडम, तुमची शंका खरी निघाली, ते तीन महिने ग्रॅच्युइटी धरूनच होते! समान संधी धोरण त्यांच्याकडे नव्हतंच, आता बनवतोय म्हणाले, बनवताना भावालाच विचारतायत त्यात काय काय लिहायचं असतं. सध्या तीन महिने बघू असं ठरलंय, बिलं स्कॅनची नाही तर व्हेंडरकडून आलेली मूळ फाईल द्यायची. मॅनेजर अजून तोंड फुगवून आहे. पुढचं देव जाणे.

फील्ड टेस्ट झाली, दोन्ही डोळ्यांत पंधरा अंशाच्या आसपास आली. तो रिपोर्ट बघून तो एकदम गप्प झाला होता. बोर्डाची तारीख पुढच्या बुधवारची आहे, आई बरोबर जाणार आहे, डबा तीच करतेय. स्थळांचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही काढला नाही.

बाकी तो स्वतःच लिहितो म्हणतोय, त्याला आयडी काढून दिलाय.

बिलाचा_गठ्ठा:
नमस्कार. मी साळुंकीचा भाऊ. हे एनव्हीडीए लावून टाइप करतोय त्यामुळे चुका असतील. ताईनं चहाचा किस्सा लिहायला नको होता.

इन्सर्ट दादा, चौदा दिवस झाले, रडू नाही आलं पण डोकं भयंकर दुखतं. एक्सेल जमतंय. एकच अडलंय. १२,४५,३०० असा आकडा सेलमध्ये असला की तो बारा, मग पंचेचाळीस, मग तीनशे असं तीन तुकड्यांत इंग्रजीत बोलतो, आणि स्वल्पविराम काढले की मिलियनमध्ये जातो. मला लाखात ऐकायचाय. काय करू?

इन्सर्ट_डाऊन_ॲरो:
ये रे ये. स्वल्पविराम काढूनच ठेव आणि आवाज एनव्हीडीएतल्याच ईस्पीकचा मराठी लाव, तो लाखात बोलेल. उच्चार जरा अघोरी आहेत, हसू नकोस. डोकं दुखतंय कारण तू कानानं ऐकतोयस आणि डोळ्यांनी पण शोधतोयस, दोन्ही एकदम. मॉनिटर बंद करून बस एक तास. उद्या रात्री नऊनंतर मेसेज कर, शॉर्टकट देतो.

बिलाचा_गठ्ठा:
मॉनिटर बंद केला. आई विचारून गेली लाइट गेली का.